ताटाच्या डाव्या बाजूला कोलस्लॉ

२ जुलै, बुधवार

आज जानकी भोजनालयाच्या फळ्यावर एक नवा शब्द दिसला. कोलस्लॉ. वरणभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पोळी, ताक आणि शेवटी हा. क्षणभर वाटलं, कुणाचं कुत्रं हरवलंय आणि त्याचं नाव लिहून ठेवलंय.

मंदाकिनी गेल्यापासून मी दोन्ही वेळा जानकीत जेवतो. आमच्या इमारतीपासून चालत दोन मिनिटं. जयाबाईंच्या सासऱ्यांनी काढलेली खानावळ. नवरा गेल्यावर बाई ती एकटीनं चालवतात. आमोद बाणेरला राहायला या म्हणून मागे लागलेला असतो, पण तिथे आमच्या सूनबाई, स्पृहा, भेंडी हवेवर तळतात. हवेवर! तेव्हा जानकी बरी.

तर कोलस्लॉ. ताटाची डावी बाजू म्हणजे काय चीज आहे हे नारायण पेठेत तरी सांगावं लागू नये. लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. थोडं वाढायचं, आपापल्या जागी वाढायचं. आज कोशिंबिरीच्या जागी वाटीत पांढरट, ओलसर, कच्चा कोबी बसलेला. मूळ मालक बाहेर आणि पोटभाडेकरू आत, असा प्रकार.

"हे काय?" मी विचारलं.

"कोलस्लॉ, काका."

"ते फळ्यावर वाचलं. आहे काय ते?"

"खाऊन बघा."

मी प्रश्न विचारला होता, आग्रह करायला सांगितलं नव्हतं. वाटी उचलली आणि समोर बसलेल्या बाळ नेन्याकडे सरकवली. बाळनं ती चाटूनपुसून संपवली. म्हणाला, अन्न टाकू नये. बाळ एकाहत्तर वर्षांचा आहे.

३ जुलै, गुरुवार

आमोदला फोन केला. त्याला असल्या गोष्टी माहीत असतात. तो म्हणाला, "कोबी, गाजर आणि मेयोनीज, बाबा. तळलेल्या चिकनबरोबर देतात, बर्गरबरोबर देतात. सगळीकडे मिळतं."

"मेयोनीज म्हणजे?"

"अंडं आणि तेल फेटून करतात."

बस्स. पुढे तो आणखी काहीतरी सांगत होता, हल्ली बिनअंड्याचंही मिळतं की काय. पण मला हवं ते मिळालं होतं. फोन ठेवला.

८ जुलै, मंगळवार

आज जयाबाईंना स्पष्ट विचारलं, की कोशिंबिरीनं असं काय घोडं मारलं होतं?

बाई पोळ्या वाढता वाढता बोलतात, त्यामुळे उत्तर तीन हप्त्यांत मिळालं. अभ्यासिकेतली पोरं यायची बंद झाली होती. मोबाइलवरून काय काय मागवून खायची. हा कोलस्लॉ चालू केल्यापासून परत यायला लागली. शिवाय जागामालक टपलाय. करार अनंत चतुर्दशीपर्यंतचा. खानावळ चालताना दिसली तर तो पुढे वाढवेल, नाहीतर त्याला तिथे मोबाइलचं दुकान काढायचंय. "वर्षभर कशीबशी ओढते, काका. गौरींच्या ऑर्डरींवर माझं वर्ष उभं असतं. त्या नीट झाल्या तर जागा राहील."

मी म्हटलं, म्हणून परंपरा मोडायची? बाई म्हणाल्या, "अजून भात?"

मी घेतला. भात वेगळा आणि तत्त्व वेगळं.

११ जुलै, शुक्रवार

कोशिंबीर पुनःस्थापना समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी, चिटणीस दिगंबर (निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे कामात काटेकोर आणि कामाला हळू), सदस्य बाळ. पहिली सभा ओंकारेश्वराच्या कट्ट्यावर. बाळ उशिरा आला. जानकीत होता म्हणे. सकाळी जेवलेला माणूस दुपारी तीनला जानकीत काय करत होता, असं विचारल्यावर घसा खाकरला.

ठराव: समितीचे सदस्य सदर पदार्थाला स्पर्श करणार नाहीत. बाळनं हात वर केला, पण अर्धाच.

१७ जुलै, गुरुवार

आज हात धुवायला मागे गेलो तर मोरीच्या वर, खुंटीला पंच्यात दही टांगलेलं. मोठं गाठोडं, टपटप पाणी गळतंय. चक्का! म्हटलं वा, श्रीखंडाचा बेत दिसतोय. संध्याकाळी मुद्दाम अर्धी पोळी कमी खाल्ली, जागा ठेवली. श्रीखंड आलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी ऑर्डर असावी. रोजच्या गिऱ्हाइकाची किंमत नाही.

अभ्यासिकेतली एक मुलगी हल्ली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तेजस्विनी. फलटणकडची. स्पर्धा परीक्षा देते. ती हा कोलस्लॉ पोळीत गुंडाळून खाते. पोळीत! मी नजर वळवली तर म्हणाली, "काका, लई भारी हाय. एक घास तरी घ्या की."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मग ऑप्शनला टाका," म्हणाली आणि दुसरी वाटी मागितली.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी जानकीत शिरलो आणि नाकात झणका बसला. फेसलेली मोहरी! डोळ्यांत टचकन पाणी आलं. मंदाकिनी पाटा धुवायची तेव्हा हा वास जिन्यापर्यंत यायचा. हल्ली कोण फेसतं मोहरी? जयाबाईंना म्हटलं, "लोणचं घालताय वाटतं?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, रोजचंच."

बाईंच्या हाताला चव आहे, मन साफ आहे, सगळं आहे. फक्त त्या एका वाटीपायी नाव घालवून बसणार.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

विजयाची पहिली खूण! आज फळ्यावर कोलस्लॉ नाही. ताटात वाफवलेली पुरणाची दिंडं, वर तुपाची धार, खीर, वरणभात. कोबीचा मागमूस नाही. समितीच्या रेट्यापुढे बाई नमल्या. दिगंबरला लगेच फोन करून अभिनंदन केलं.

अभ्यासिकेतल्या पोरांनी मात्र कालवा केला, कोलस्लॉ कुठे म्हणून. जयाबाई म्हणाल्या, "आज विळीला हात लावायचा नसतो रे. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उद्या देते." पोरं गुमान दिंडं खात बसली. एकानं तर पाच खाल्ली.

बाईंनी सबब छान शोधली. माघार घ्यायची ती अशी.

३० जुलै, बुधवार

परत आला.

२ ऑगस्ट, शनिवार

आता पेनाला हात घालणं भाग होतं. आमचा 'प्रभात फेरी मित्र मंडळ' हा ग्रुप मोठा आहे. नारायण, शनिवार, सदाशिव, सगळ्या पेठांतली शहाणी माणसं त्यात आहेत. सकाळचा चहा झाल्यावर बसलो आणि बारापर्यंत मजकूर घोटला. इथे उतरवून ठेवतो:

'सप्रेम नमस्कार. कोलस्लॉ ह्या पाश्चात्त्य पदार्थात मेयोनीज असते व मेयोनीजमध्ये कच्चे अंडे असते. आपल्या परिसरातील एका जुन्या, नावाजलेल्या शाकाहारी भोजनालयात ऐन श्रावणात हा पदार्थ ताटाच्या डाव्या बाजूस वाढला जात असल्याचे समजते. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.'

'असल्याचे समजते' हा आमच्या पाटबंधारे खात्याचा ठेवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं तरी आम्ही 'सोडण्यात आल्याचे समजते' असंच लिहायचो. त्यात बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही.

अंडं खरंच घालता का, हे आधी जयाबाईंना विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या तर मजकूर फाडावा लागला असता. आणि मजकूर फार छान उतरलाय. पाठवला.

६ ऑगस्ट, बुधवार

आमोदनं मला एक संदेश पाठवला. माझाच होता, पण अंगानं भरलेला. त्यात आता अंड्याच्या जोडीला जनावराची चरबी आलीय, शनिवार पेठेतल्या एका काकूंना उलट्या झाल्यात, भोजनालयाचं नाव ठळक अक्षरांत आहे आणि शेवटी 'अकरा जणांना पाठवा' असं आहे.

खाली आमोदनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही जेवता तीच ना ही?"

मी कळवलं, मूळ लेखक मीच आहे. चरबीचा भाग प्रक्षिप्त.

त्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, "तुम्ही चाखून पाहिलंत का?" ह्या पिढीला सगळं चाखून पाहायचं असतं.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

श्रावणी सोमवार सोडायला जानकीत दरवर्षी जिन्यापर्यंत रांग असते. आज मी, बाळ आणि ती तेजस्विनी. पंखे चालू, टेबलं पुसलेली, पानं मांडलेली आणि माणूस नाही. वाटाण्याची उसळ आणि गव्हाची खीर पातेलीभर उरलेली मी डोळ्यांनी पाहिली.

आमच्यासमोर जयाबाईंचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. नाही, हरकत नाही. पुढच्या वर्षी." गौरींच्या ऑर्डरी रद्द होतायत.

वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक असणं वेगळं. बाईंनी वेळीच ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती. तरी खीर दुसऱ्यांदा मागितली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जिंकलो! जिंकलो!

फळ्यावरून कोलस्लॉ हे नाव साफ पुसलेलं. घाईनं पुसलंय, ओलं फडकं फिरवल्याच्या रेघा तशाच आहेत. आणि ताटाच्या डाव्या बाजूला, आपल्या हक्काच्या जागी, कोशिंबीर! कोबीची. बारीक, केसासारखा चिरलेला कोबी, थोडं गाजर, दाट चक्का, त्याला फेसलेल्या मोहरीचा झणका, साखर-मीठ-लिंबू अगदी बेताचं. पहिल्या घासाला नाकापर्यंत गेली. मंदाकिनीनंतर अशी कोशिंबीर मी खाल्ली नाही, आणि देवाशपथ सांगतो, तिच्या हातची थोडी गोडच व्हायची.

दोनदा मागून घेतली. मग तिसऱ्यांदा. जयाबाईंना मोकळ्या मनानं म्हटलं, "याला म्हणतात कोशिंबीर! हे असं करायचं सोडून कुठे त्या सोंगाच्या नादाला लागला होतात?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाटी भरली आणि आत गेल्या. हरणाऱ्याला वेळ द्यावा लागतो.

बाळ मात्र मान खाली घालून जेवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. ठसका लागला असेल. मोहरीचा लागतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

काय लिहू.

आज पुन्हा तीच वाटी आली. मी तेजस्विनीला म्हटलं, बघ, ही आपली कोशिंबीर, हिच्यापुढे तुझा कोलस्लॉ काय चीज आहे? पोरीनं घास तसाच ठेवला.

"काका, हेच की ते. रोजचंच हाय. फळ्यावरचं नाव पुसलंय निस्तं."

मी बाळकडे पाहिलं. बाळ म्हणाला, "मी महिनाभर तुला सांगायचं म्हणत होतो. पण मग तू तुझी वाटी मला दिली नसतीस."

उठलो, हात न धुता आत गेलो. जयाबाई ओट्याशी कोबी चिरत होत्या. शेजारी चक्क्याचं पातेलं, पाट्यावर मोहरी. मेयोनीजची बाटली शोधत मी चारी बाजूंना पाहिलं. बाई म्हणाल्या, "काय शोधताय? अंडं या ओट्यावर सासऱ्यांच्या वेळेपासून आलेलं नाही."

"मग त्याला कोलस्लॉ कशाला म्हणायचं?"

"कोशिंबीर लिहिलं की पोरं वाटी तशीच ठेवून उठतात. कोलस्लॉ लिहिलं की दोनदा मागतात. तुमचं उलटं. सगळ्यांची पोटं भरावीत, एवढंच बघत होते मी."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत, हे काय. मी म्हटलं, खाऊन बघा. दीड महिना म्हणतेय, खाऊन बघा."

मग विळीवरून नजर न काढता म्हणाल्या, "तो मेसेज तुमचा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'सुज्ञांस अधिक सांगणे न लगे' असं ह्या पेठेत दुसरं कोण लिहितं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, तरी तुम्ही मला जेवायला वाढत होतात? तर म्हणाल्या, "तुम्ही कुठे जाणार होतात?"

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी जयाबाईंनी टेबलाशी येऊन, हात पदराला पुसत, सरळ मागितलं. "काका, ग्रुपवर दोन ओळी टाका. अंडं नाही म्हणून. तुमच्या शब्दावर लोक गेले, तुमच्याच शब्दावर परत येतील. गौरी जवळ आल्यात. ह्या आठवड्यात टाकलंत तर ऑर्डरी फिरतील. नंतर टाकून उपयोग नाही."

मी म्हटलं, "आजच टाकतो." मनापासून म्हटलं.

घरी येऊन बसलो. पहिली ओळ लिहिली: 'सदर पदार्थात अंडे नाही.' वाचून पाहिली. म्हणजे मी खोटं बोललो, असा अर्थ निघतो. खोडली.

१८ ऑगस्ट, सोमवार

दिगंबरला बोलावलं. त्यानं चष्मा पुसून एक मुद्दा काढला आणि माझं डोकं सुन्न झालं. मूळ मजकुरात आपण जानकीचं नाव घेतलेलं नाही. आता नाव घेऊन खुलासा केला तर ती बदनामी जानकीचीच होती आणि आपणच केली, हे कबूल केल्यासारखं होईल. नाव न घेता खुलासा केला तर तो कुणाचा, हे कुणाला कळणार नाही.

"मग?"

"'अंडे नसल्याचे समजते' असं लिही."

बाळ म्हणाला, "अरे सरळ लिही ना, मी न खाता लिहिलं, चुकलो. माफ करा."

बाळला समितीतून वगळण्यात आलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मसुदा क्रमांक चार. सुरुवात कोबी हिंदुस्थानात कसा आला इथून केली आहे. म्हणजे वाचणारा सावकाश अंड्यापर्यंत येईल आणि तोवर त्याचा राग निवलेला असेल. दिगंबरच्या मते प्रस्तावना मोठी झाली. त्यानं घरी नेलाय, शुद्धलेखन बघायला.

२४ ऑगस्ट, रविवार

जयाबाईंनी पोळी वाढताना हळूच विचारलं, "टाकलंत का हो काका?"

"मसुदा अंतिम टप्प्यात आहे."

त्यांनी पोळी ताटात ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. पुढच्या टेबलावर कुणीच नव्हतं.

घरी येऊन फोन हातात घेतला होता. खरंच घेतला होता. अंगठा त्या बाणावर ठेवून बसलो. मग वाटलं, उद्या सकाळी फेरीला सगळे कट्ट्यावर भेटतील. 'काय यज्ञेश्वरराव, अंडं कुठे गेलं?' असं विचारतील आणि हसतील. छत्तीस वर्षं नोकरीत माझ्या टिपणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. फोन ठेवून दिला. भित्रा आहे मी, दुसरं काय.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

ग्रुपवर घरोघरच्या गणपतींचे फोटो. आरास, मोदक, नातवंडं. अशा मंगल दिवशी मध्येच अंड्याचा विषय काढणं बरं दिसत नाही. दिगंबरचंही हेच मत पडलं. मसुदा क्रमांक सहा तयार आहे.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरी जेवणाचा दिवस

दरवर्षी आजच्या दिवशी जानकीच्या दारात रिक्षांची रीघ असते. पुरणपोळ्यांचे डबे, पडवळाची कढी, पंचामृत, पाच कोशिंबिरी. बाईंच्या मदतीला आणखी चार बायका येतात आणि कुणाला बोलायला फुरसत नसते. आज गेलो तर जयाबाई दाराशी स्टुलावर बसलेल्या. गजरा माळलेला. दोनच घरांची ऑर्डर होती, ती दहालाच गेली.

"या काका, बसा," म्हणाल्या. त्यांच्या घरच्या गौरीच्या नैवेद्यातलं ताट त्यांनी मला वाढलं. पुरणपोळीवर तूप घालताना हात आखडला नाही. मी मागितलं नव्हतं, तरी कोशिंबीर दोनदा घातली.

लाज वाटली. भयंकर लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज जानकीतलं शेवटचं जेवण. जागामालक कालच येऊन टेप लावून मोजमाप घेऊन गेला. करार वाढवायचा विषयच त्यानं काढला नाही. रिकामी टेबलं त्यानं महिनाभर पाहिलीच होती.

जयाबाई विश्रांतवाडीला चालल्या. तेजस्विनीच्या मावशीचं तिकडे एका कंपनीत कँटीन आहे. मावशीला हाताला चव असलेली बाई हवी होती आणि तेजस्विनीनं एकदा डब्यातून कोलस्लॉ नेऊन चाखवला होता. तिथल्या पोरांना आता रोज लागतो म्हणे, दुपारी एकच्या आत संपतो. पोरगी हे सांगत होती तेव्हा जयाबाईंच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांनी हसू पाहिलं. बाईंचं भलं होईल. त्यांचं कुठेही भलंच होईल.

मी विचारलं, "मग मला डबा?"

"तिकडून इकडे डबा येत नाही, काका."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं.

ताट वाढलं. सगळं होतं, जागच्या जागी होतं. जेवताना मनात जुळवत होतो: जयाबाई, माझ्यामुळे तुमची खानावळ गेली. मी तुमचा फार अपराधी आहे. सात वर्षं तुम्ही मला वेळेवर जेवायला घातलंत, आजारी पडलो तेव्हा पेज घरी पाठवलीत, आणि मी हे केलं. सगळं जुळलं होतं. हात धुतले, पंच्याला पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

म्हणालो, "आज मीठ किंचित कमी होतं."

"हो का," म्हणाल्या. "तिकडे लक्ष ठेवीन."

७ सप्टेंबर, रविवार

ढोल-ताशांनी काल दिवसभर कान किटले. आज सगळी पेठ झोपलेली. दिगंबरकडे मसुदा परत मागायला गेलो. ते सगळे जेवायला बसले होते. 'या, बसा' असं त्याच्या बायकोनं म्हटलं, पण जेवायला असं म्हणाली नाही. ओसरीवर बसून पाणी प्यायलो आणि आलो.

बिस्किटं संपली.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मसुदा क्रमांक सात फाडला. समितीला विचारलं नाही. ग्रुपवर लिहिलं:

'जानकी भोजनालयातल्या कोलस्लॉत अंडे नाही आणि कधीच नव्हते. ती चक्क्यातली, मोहरी फेसलेली कोबीची कोशिंबीर आहे आणि उत्तम आहे. मी ती न चाखता लिहिले होते. चूक माझी. क्षमस्व. यज्ञेश्वर बेहेरे.'

लिहून पाठवायला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

मग फोनकडे बघत बसलो. चार अंगठे आले. दोन जोडलेले हात आले. कुणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं. 'अंडं कुठे गेलं' असं कुणीही विचारलं नाही. कुणी हसलं नाही. बहुतेकांना तो संदेश आठवतही नसावा.

मग शनिवार पेठेतल्या दीपाली साठ्यांनी लिहिलं. गौरींची सर्वांत मोठी ऑर्डर दरवर्षी त्यांचीच असते. 'अय्या, हो? आम्ही उगाच बाहेरून मागवलं ह्या वर्षी, अजिबात चव नव्हती. बरं झालं सांगितलंत काका. उद्या संध्याकाळी सहा ताटं सांगते त्यांना. नंबर तोच आहे ना?'

त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघांनी विचारलं, आमचीही सांगा.

मी लिहिलं, 'जानकी बंद झाली.'

लगेच साठेबाईंचं उत्तर आलं: 'अगंबाई! इतकी चांगली चाललेली! का हो?'

फोन पालथा घातला आणि ब्रेड आणायला बाहेर पडलो. येताना जानकीवरून आलो नाही, मागच्या बोळातून आलो.